वाजं मावशीला ऐकू यायचं

या ग्रुपवर मी खरं तर गंमत म्हणून आले होते. तुमचे चकव्याचे, बंद खोलीतल्या पावलांचे, रस्त्यात लिफ्ट मागणाऱ्या बाईचे अनुभव मी डबा खाताना वाचायचे आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकायचे — याला ताप असणार, हिचं बीपी वाढलं असणार, हा तर सरळ झोपेत असणार... राग मानू नका. कामच तसं आहे माझं. मेहकरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी. जे स्लाइडवर दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही. त्यात आम्ही बौद्ध, वडील शाळामास्तर. घरात कुणी भुताखेताचा विषय काढला की बाबा ताटावरून उठायचे. त्यामुळे असलं काही आपल्या हातून लिहिलं जाईल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि माझ्या अनुभवात भूत नाहीच. भीतीही नाही. कुणाला घाबरायचं असेल तर हे वाचून निराशा होईल, आधीच सांगते.

गोष्ट माझ्या मावशीची आहे. कमलमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. आमचं आजोळ जानेफळ, मावशी दिली अमडापूरला. तिच्या लग्नात मी कडेवर होते. बाबांनी तेव्हा नवीनच टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तो लग्नात मिरवायचाच होता त्यांना. लग्नाच्या गाथा आणि पाहुण्यांची भाषणं टेप करायची असं ठरवून ते गेले. ते सगळं टेप झालं. पण नंतर पंगती बसल्या आणि बाबा वाढायला लागले, ते दुसऱ्या बाजूला टाकलेली कॅसेट बंद करायचीच विसरले.

बँडवाले जेवायची वाट बघत निंबाखाली बसले होते. त्यांच्यातला एक म्हातारा क्लॅरनेट काढून एकटाच वाजवायला लागला. लग्नाचं नाही, नाचायचं नाही... स्वतःशीच काहीतरी, सावकाश. ते कॅसेटमध्ये उतरलं. मागे पंगतीचा आवाज आहे, कुणीतरी "भात आना रे इकडं" म्हणून ओरडतंय, एक लेकरू रडतंय — ते मी, असं आई सांगायची. आणि या सगळ्यातून ते क्लॅरनेट. कोणतं गाणं ते आजपर्यंत कुणाला ओळखता आलेलं नाही. बाबांनी चांगल्या गाणाऱ्या लोकांना ऐकवून पाहिलं. तो म्हातारा कोण, कुठला, तेही कळलं नाही. टेप संपते तिथं ते मध्येच कापलं जातं.

ती कॅसेट मावशी सासरी घेऊन गेली.

पुढे बाबांची बदली लांबच्या तालुक्यात झाली, आईचं दुखणं सुरू झालं, तेव्हा पाचवीपासून दहावीपर्यंत मी अमडापूरला मावशीकडे राहिले. तिथं मी ऐकायला शिकले. हे वाक्य लिहायला विचित्र वाटतंय, पण तसंच आहे. मावशीचा नियम होता — वाजं लागलं की हात रिकामे. ती क्लॅरनेट म्हणायची नाही, वाजं म्हणायची. दुपारी सगळे शेतात गेले की ती टेप जमिनीवर ठेवायची, सारवलेल्या भुईवर आम्ही दोघी उताण्या पडायचो, डोकी टेपकडे. निवडणं नाही, टिपणं नाही, विणणं नाही. बोलायचं तर नाहीच. एकदा मी वेणी घालत घालत ऐकत होते तर तिनं टेप बंद केला. "आधी येनी घाल," म्हणाली. "मंग लावू."

तिचे सासरे कुरकुरायचे, भरदिवसा बाई जमिनीवर पडते म्हणून. मावशी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडायची.

तो म्हातारा मध्ये एका ठिकाणी थांबतो. नुसता श्वास घेतो आणि पुन्हा उचलतो. त्या जागी आम्हा दोघींचाही श्वास थांबायचा. आम्ही कधी एकमेकींना सांगितलं नाही, पण मला कळायचं.

माझं लग्न झालं, मेहकरला आले, नोकरी, दोन लेकरं. आणि मावशीला टीबी झाला. तेव्हाच्या ट्रीटमेंटमध्ये इंजेक्शनं असायची, त्या इंजेक्शनांनी काही जणांचे कान जातात. मावशीचे गेले. एकदम नाही. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी, मग बायकांचं बोलणं. त्या महिन्यांत ती रोज टेप लावायची, आवाज चढवत चढवत, घरातल्यांना बसवेना इतका. शेवटी तेही गेलं. दोन्ही कानांच्या नसा गेल्यात, मशीन लावून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हा मी तिला भेटायला गेले, तर तिनं टेप आणि कॅसेट एका जुन्या ओढणीत बांधून माझ्यापुढे ठेवली.

"घेऊन जाय. तू आयकत जाय."

"मावशी, राहू दे ना इथं—"

"इथं कोन आयकते? पडून राहीन, फीत चिकटन. तू तरी आयक."

मी नेली. पहिली काही वर्षं खरंच ऐकायचे, तिच्यासारखी, हात रिकामे ठेवून. नंतर एका मोबाइलवाल्याकडून ते फोनमध्ये घेतलं आणि मग काय... स्वयंपाक करताना लागलेलं असायचं, कपडे घडी करताना लागलेलं असायचं. लागलेलं असायचं, एवढंच. पुढे तेही राहिलं. तुमच्याही फोनमध्ये असं एखादं असेल, सगळ्यात आवडतं म्हणून आपण सांगतो आणि शेवटचं नीट कधी ऐकलं ते आठवत नाही.

हे सगळं सांगणं जरुरीचं होतं. आता ती गोष्ट.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी अमडापूरला गेले होते. मावशी, तिची सून उषा आणि मी, आम्ही ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मावशी आता चांगली म्हातारी झाली आहे. ओठ पाहून तिला बोलणं समजतं, माझं तर पटकन समजतं. स्वतः बोलते ते मोठ्यानं, कारण तिला तिचा आवाज कळत नाही. तशी ती मोठ्यानं म्हणाली,

"बेबी, बुधवारी वाजं लावलं होतं ना वं तू?"

मी हसले. काहीतरी जुनं आठवत असेल तिला, असं वाटलं.

"उषा दळन घेऊन आली त्याच्या जराक आधी," ती शेंग सोलत सोलत म्हणाली. "मंग मधातच बंद केलं. काऊन? म्या म्हटलं आता लावन, मंग लावन... तू लावलंच नाही."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

बुधवारी दुपारी लॅबमध्ये लाइट गेली होती. इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज चालू. मशीन बंद, म्हणून मी रिकामी. फोनमधली जागा भरली होती तर जुन्या फाइल काढत बसले, त्यात ती फाइल दिसली. कानात इअरफोन घातले, खुर्चीला डोकं टेकवलं आणि कितीतरी महिन्यांनी — वर्षांनीच म्हणा — नुसती ऐकत बसले. अर्ध्यात एक आजोबा रिपोर्ट न्यायला आले. मी इअरफोन काढले, मग लाइट आली, मग कामात बुडाले. नंतर पुन्हा लावलं नाही.

इअरफोन होते. शेजारी उभ्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. आणि मावशी तर मेहकरात नव्हे, अमडापुरात. ठार बहिरी.

"तुला कसं कळलं?" मी ओठ नीट हलवत विचारलं.

"आयकू आलं ना."

"कानात?"

तिनं जरा विचार केला. "कानात म्हनता येत नाही. कुठं ते सांगता येत नाही मले. पन आयकूच येते. लेकरू रडते, भातवाला वरडते, सारं. जसं होतं तसं."

"कधीपासून?"

"तू टेप नेला तवापासून." जणू हवापाण्याचं सांगतेय अशी ती बोलत होती. "पयले लय यायचं. मंग कमी कमी झालं. इतल्यात तं आलंच नोतं. म्या म्हटलं, हिले कामं असन. लेकरं हायेत, ड्युटी हाये. नसन जमत आयकाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तुया बापाची पोरगी. तू मानली असती का?"

उषा खाली मान घालून सोलत होती. मावशी आत गेली तेव्हा ती हळूच — हळू बोलायची काही गरज नव्हती, तरी हळूच — म्हणाली, "ताई, हे खरं हाये. आई अशा मधातच बसतात. हातातलं काम ठिवून देतात, डोये मिटतात. एकदा भाकर तव्यावर जयून गेली, तरी उठल्या नाहीत. आमच्या यायले वाटलं डोक्यात काही बिघडलं, म्हनून बुलढान्याले नेलं होतं. डॉक्टर म्हने, बहिऱ्या मानसाले असे भास होतात, मेंदूच वाजवते, भेवाचं काही नाही."

घरी येऊन मी वाचून काढलं. डॉक्टर बरोबर होते. कान गेलेल्या माणसांना खूपदा जुनी गाणी ऐकू येतात, मेंदू स्वतःच तयार करतो, त्याला वेड म्हणत नाहीत. मला फार बरं वाटलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर तेही म्हणाले, "बुधवार अंदाजानं आला असन. बाकीच्या दिवशी काय काय आयकू येते ते कोनं विचारलं तिले?"

मुद्दा बिनतोड होता. फक्त ते मध्येच बंद झालेलं... ते तेवढं बसत नव्हतं.

म्हणून आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. मी आणि उषा. मावशी बसलेली दिसली की उषानं मला मिस कॉल द्यायचा, बस. मी केव्हा लावणार हे तिला सांगायचं नाही. आणि मी लावायला लागले. लॅबमध्ये स्पीकरवर दिवसभर फिरवत ठेवलं — पेशंट विचारायला लागले, मॅडम हे काय वाजून राह्यलं म्हणून. स्वयंपाक करताना लावलं. झाडताना लावलं. इअरफोननं लावलं, बिनइअरफोनचं लावलं. मिस कॉल एकही नाही. एका रविवारी तर मी अमडापूरलाच गेले, आतल्या खोलीत बसून ऐकलं आणि उषा दारातून मावशीवर नजर ठेवून. मावशीनं थोड्या वेळानं वाकून आत पाहिलं.

"काय करून राह्यल्या वं तुम्ही दोघी? परीक्षा घेता का मायी?"

आम्ही दोघी हसलो. तीही हसली. मला सुटल्यासारखं झालं. झालं, मिटला विषय. भास.

त्यानंतर उन्हाळा गेला आणि माझ्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला, संभाजीनगरला. तिला हॉस्टेलवर सोडायला मी एकटीच गेले. आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की मी एक दिवस तिथं राहणार, दुसऱ्या दिवशी येणार. पण हॉस्टेलवाल्यांनी पालकांना थांबू दिलं नाही. पोरीनं दारातूनच हात हलवला आणि मी त्याच पावली स्टँडवर आले. मेहकरची गाडी उभी होती, खिडकी मिळाली, बसले. घरी फोन करायचंही सुचलं नाही.

जालना सोडल्यावर गाडीत सगळे पेंगायला लागले. मी फोन काढला आणि काही न ठरवता ते लावलं. ना मावशी मनात होती, ना परीक्षा. खरं सांगते, पोरगीही मनात नव्हती. बाहेर सोयाबीनची शेतं पळत होती आणि मी ऐकत होते. म्हातारा थांबतो ती जागा आली तेव्हा माझाही श्वास थांबला. लहानपणी थांबायचा तसाच. कितीतरी वर्षांनी. मग शेवट आला, कापलं गेलं, आणि मी तशीच बसून राहिले.

नंतर फोन पाहिला तर उषाचे मिस कॉल. एकामागून एक.

मी व्हिडिओ कॉल लावला. उषानं लगेच फोन मावशीपुढे धरला. मावशीचा चेहरा पाहिला. कुणीतरी हाक मारल्यावर माणूस वळून बघतो तसा.

"आज पुरं आलं वं!" ती ओरडली. गाडीतले दोघे-तिघे जागे झाले. "पुरं, शेवटालोक! पन हलून राह्यलं होतं. असं हलून राह्यलं होतं..." तिनं हात हलवून दाखवला. "गाडीत होती का तू?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मग फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरून नुसती मान हलवली. हो म्हणून.

मी त्या दिवशी परत येतेय हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

तर आता इथं थांबावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही आज वाटतं की तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. गोष्ट इथं संपली असती तर ती चांगली गोष्ट झाली असती.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मावशी मला सोडेना. हात धरून बसली. ती तशी आपल्या बहिरेपणाबद्दल कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "मानसं नुसते तोंड हालवतात, बेबी. भांडं पडलं तं दिसते, आवाज नाही. नातू हासते, दिसते. पाऊस दिसते. समदं असं काचीच्या पल्याड. हे एकच हाये मले आयकाले."

मी म्हटलं, मग रोज ऐकेन ना मी. त्यात काय आहे? रोज.

काय चूक होती यात, सांगा? कुणीही हेच म्हटलं असतं. आम्ही वेळ ठरवली. दुपारी लॅबमध्ये जरा उसंत असते, तेव्हा मी स्टोअरच्या खोलीत दार लावून बसायचं आणि तिकडे मावशीनं जेवण आटपून तयार राहायचं. माझ्यापेक्षा मावशीलाच जास्त हौस. उषा सांगायची — आई केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून ओसरीतल्या बाजेवर बसतात, जणू पाहुणे येणार आहेत.

पहिल्या दिवशी ऐकलं आणि उषाला फोन केला.

"नाही ताई."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही. मी म्हटलं, लॅबमध्ये आवाज असतो, लक्ष लागत नसेल. मग घरी येऊन ऐकायला लागले, पंखा बंद करून. नाही. आमच्या ह्यांनी नवीन भारी इअरफोन आणून दिले. नाही. मोबाइलमधलं नको म्हणून मूळ कॅसेट काढली, टेप दुरुस्त करून आणला, जमिनीवर उताणी पडून ऐकलं, तशीच डोकं टेपकडे करून. उषाचा फोन आला. मी उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

"नाही ताई."

काय होत होतं ते मला समजायला वेळ लागला. क्लॅरनेट सुरू झालं की माझं अर्धं मन अमडापूरला जायचं. पोचलं का? आता ऐकू येत असेल का? ती जागा आता येईल, तिथं नीट ऐक, तिथं लक्ष दे... आणि ती जागा निघून गेलेली असायची. मी ऐकत नव्हतेच. मी पाठवत होते.

न सांगता ऐकून पाहिलं. पण मला तर माहीत असायचंच ना. वेळ बदलून पाहिली. महिनाभर अजिबात लावायचं नाही, विसरून जायचं, असं ठरवलं — विसरायचं ठरवून कधी कुणी विसरलंय? पुन्हा लावलं तर पहिल्या सुरालाच बाजेवर बसलेली मावशी दिसली. बसमध्ये बसून पाहिलं. खोटं नाही सांगत, काही काम नसताना जालन्याच्या गाडीत बसले, तीच खिडकी, आणि त्याच रस्त्यानं परत आले. मूर्खासारखी.

आणि ती रोज बसत होती. हे मला सगळ्यात जास्त लागतं. आधी ते कधीतरी, न सांगता यायचं. भाकरी करताना आलं तर आलं, नाही तर नाही. ती वाट बघत नव्हती. वाट बघायला मी लावलं. उषा एकदा बोलता बोलता म्हणाली, "ताई, त्या तेवढा वेळ पानीबी पीत नाहीत. म्या गिलास नेला तं हातानं बाजूले करतात. म्हने, घोटात काही चुकलं तं?"

कान नसलेली बाई. घोट गिळताना काही ऐकायचं राहून जाईल म्हणून पाणी पीत नव्हती.

तेव्हा मी रजा टाकून अमडापूरला गेले. तिला सांगायचं होतं की बसू नकोस. ती बाजेवरच होती. मी समोर बसले आणि बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली,

"तू आयकून नाही राह्यली वं, बेबी. तू मले पोचवून राह्यली."

मी मान हलवली.

"मायासाठी नको आयकू. तुयासाठी आयक. तवा यायचं थे मायासाठी थोडंच होतं? तू आयकायची, मले आपसूक भेटायचं."

"नाही जमत, मावशी," मी म्हटलं. "आता नाही जमत. तू मनात येतेसच."

तिनं माझे ओठ पाहिले. मग बाजेवरून उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे मंग. किती साल आलं, लय झालं. चाय ठिवतो तुयासाठी."

आणि तिनं चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती बसली नाही.

त्यालाही आता काही महिने झाले. त्या महिन्यांत एकदाही आलं नाही, असं उषा सांगते. मी विचारत नाही, तीच सांगते.

इथल्या जाणत्या लोकांनी काही सांगितलं तर मी वाचेन, पण आधी मी काय काय तपासलं तेही ऐका. मेंदूचा भास म्हणावं तर माझं अर्ध्यात बंद केलेलं तिच्याकडे अर्ध्यात का बंद व्हावं? गाडीचे हादरे तिला कुठून आले? योगायोग म्हणावं तर तो मी लक्ष देऊन ऐकायचे तेव्हाच का घडायचा, आणि लक्ष न देता शंभर वेळा वाजवलं तरी का नाही? आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना मी एकदा हे सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पुढचं सॅम्पल मागितलं. बाबा असते तर ताटावरून उठले असते.

एक सांगायचं राहिलं.

मागच्या रविवारी गेले होते. मावशी मेथी निवडत होती, मी शेजारी. मग तिनं जुडी खाली ठेवली आणि विचारलं,

"तुले तरी गोड लागते का आता वाजं?"

मला वाटलं होतं ती विचारेल, ऐकतेस का, लावतेस का. हे विचारेल असं वाटलं नव्हतं. मी कितीतरी दिवसांत ते लावलं नव्हतं. लावायची भीती वाटते मला. म्हातारा थांबतो त्या जागी आता माझा श्वास थांबत नाही, मी फोनकडे बघते.

"हो," मी म्हटलं. ओठ नीट हलवले. "लागतं ना. अगदी पहिल्यासारखं."

ती एरवी माझ्या ओठांकडे बघते. या वेळी तिनं डोळ्यांकडे पाहिलं. मग जुडी उचलली आणि पुन्हा निवडायला लागली.

निघताना उषा फाटकापर्यंत आली. मी विचारलं, दुपारी काय करते मावशी आता?

"झोपतात ताई," उषा म्हणाली. "चांगल्या गाढ झोपतात."